सांगलीनं हळद विकावी की हळदीच्या गोळ्या?

अडतीवरचा बी.एस्सी. (सांगली)

गेल्या आठवड्यात सौदे उरकल्यावर दुकानात चार-पाच जण चहाला बसले होते. विषय निघाला कर्क्युमीनच्या, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाच्या, कॅप्सूलचा. एका पाहुण्यानं हिशेब मांडला: किलोभर हळकुंडाला जे मिळतं त्याच्या कितीतरी पट साठ गोळ्यांच्या डबीला मिळतं, मग आपण अजून पोतीच का मोजत बसलोय? अर्क काढायचा कारखाना टाकू, शेअर गोळा करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. वाद झाला, गिऱ्हाईक आलं, वाद अर्धा राहिला. उरलेला इथे.

गोळी विकायची तर गोळीनं काय होतं ते सांगावं लागतं, आणि तिथेच आपण अडकतो. हळदीत कर्क्युमीन साधारण २ ते ५ टक्के. ते खाल्लं तरी रक्तात फारसं पोचत नाही. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम नुसतं कर्क्युमीन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं किंवा सापडलंच नाही. सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिऱ्याला तिखटपणा देणारा घटक, दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. आज प्रत्येक डबीवर हा आकडा छापलेला असतो. कशाच्या २००० टक्के, ते मात्र छापत नाहीत. जवळजवळ शून्याच्या.

२०१७ साली अमेरिकेतल्या औषधरसायनाच्या अभ्यासकांनी कर्क्युमीनवरचं सगळं काम चाळून काढलं. १२० च्या वर चाचण्या माणसांवर झालेल्या, आणि त्यांच्या मते खोट्या गोळीशी (दिसायला तशीच, आत औषध नाही) तुलना करून घेतलेली एकही चाचणी निर्विवाद यशस्वी नाही. मग प्रयोगशाळेत कर्क्युमीन कॅन्सरपासून विसरभोळेपणापर्यंत सगळ्यावर चालतं असं का दिसतं? कारण तो पदार्थच लबाड आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्या घरातलं शाळकरी पोरही सांगेल. असा रंग बदलणारा, प्रकाश पडला की स्वतःच चमकणारा, पाण्यात पटकन फुटणारा आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारा पदार्थ परीक्षानळीत टाकला की यंत्र "लागू पडला" म्हणतं. त्यात ह्यूस्टनचे भारत अग्रवाल, कर्क्युमीनवर सर्वांत जास्त लिहिणाऱ्यांपैकी एक. त्यांचे डझनभराहून जास्त निबंध नियतकालिकांनी मागे घेतले.

२०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रंगाला, वासाला आणि गावाला. कुठल्या रोगावरचा उतारा म्हणून नव्हे. आपण स्वच्छ, तपासलेली हळद विकावी आणि गोळीच्या नादी लागू नये, एवढंच माझं म्हणणं.

वाळव्याचा

दादा, तुम्ही शिकलेलं, तुमचं खरं असंल. पण मला एक सांगा. अक्षय तृतीयेला लावण केली की नऊ महिनं रान अडकतं. काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, गड्डं निराळं, हळकुंड निराळं. एवढं करून पोतं यार्डात आणलं की दर कोण ठरवतं? मी न्हवं. गोळीचा धंदा वाईट आणि अडत चांगली, हे अडत्यानंच सांगायचं व्हय?

दुसरं. अमेरिकेनं १९९५ ला हळदीनं जखम भरते म्हणून पेटंट दिलं हुतं. १९९७ ला माशेलकरांच्या सीएसआयआरनं, म्हंजे सरकारी संशोधन संस्थेनं, भांडून ते रद्द करून घेतलं. तवा सगळ्या देशानं छाती फुगवली, आमच्या आजीचं औषध म्हणून. आता तुम्ही म्हणता आजीला काय कळत नव्हतं.

अडतीवरचा बी.एस्सी.

पहिला टोला मान्य, लागला. दुसऱ्याचं उत्तर आहे. पेटंट रद्द झालं ते "यात नवीन काही नाही, भारतात हे आधीपासून माहीत आहे" या मुद्द्यावर. जखम खरंच लवकर भरते का, हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नव्हता. जुनं असणं आणि लागू पडणं या दोन वेगळ्या पावत्या आहेत.

मिरजेची रेसिडेंट

बी.एस्सी. दादा, तुम्ही २०१७ च्या त्या एका आढाव्यावर थांबलात. २०१४ साली थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांत हळदीचा अर्क (रोज १५०० मिलिग्रॅम) आणि आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची नेहमीची गोळी (रोज १२०० मिलिग्रॅम) यांची चार आठवडे तुलना झाली. अर्क कमी पडला नाही. २०२० साली टास्मानियात ७० जणांवर बारा आठवडे चाचणी झाली, ही मात्र खोट्या गोळीशी तुलना करून. दुखणं कमी झालं, पण सांध्यातलं पाणी आणि कूर्चा एमआरआयमध्ये जशीच्या तशी. २०२३ साली पुन्हा थायलंड, अपचनाचे २०६ रुग्ण, कुणाला कर्क्युमीन, कुणाला ओमेप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी, कुणाला दोन्ही, २८ दिवस. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. या चाचण्या लहान आहेत, थोड्या दिवसांच्या आहेत, आणि पहिल्या व तिसऱ्या चाचणीत नुसत्या खोट्या गोळीचा गट नव्हता. तरी "काहीच नाही" असं म्हणायला आता जागा राहिलेली नाही.

पण वाळव्याचे काका, कारखान्याचे शेअर घेण्याआधी हे वाचा. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारं रुग्णालयांचं एक जाळं आहे. २०२२ साली त्यांनी हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण मांडले. पाच जणांना भरती करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सातजणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला. म्हणजे बहुतेकांना गोळी पचते, काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा मात्र उलटते, आणि कोणाची उलटेल हे आधी कळत नाही. इटलीत २०१९ साली असे रुग्ण निघाले, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली इशारा दिला. भाजीतल्या हळदीबद्दल हे नाही, गोळीतल्या अर्काबद्दल आहे. आपण आमटीत चिमूटभर टाकतो. डबीतला डोस म्हणजे मूठभर हळदीचा अर्क, वर तो जास्त शोषला जावा म्हणून मिरं.

मागच्या वर्षी आमच्याकडे तासगावकडचे एक काका कावीळ घेऊन आले. दारू नाही, काविळीच्या विषाणूंच्या ए-बी-सी-ई सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. तीन दिवस आम्ही विचारतोय, काका काही औषध चालू आहे का, तर "छे, काही नाही". चौथ्या दिवशी मुलानं पिशवीतून डबी काढली. काका म्हणाले, "ते औषध कुठंय, ती तर हळद हाय." गोळ्या बंद केल्यावर दीड महिन्यात रिपोर्ट उतरले. गोळीमुळेच झालं असं शंभर टक्के मी म्हणणार नाही. पण आता मी प्रत्येकाला हळदीचं नाव घेऊनच विचारते. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही डबी उघडूच नये.

सातारचा वैद्य

दोन्ही बाजू एकच चूक करताहेत. हळद म्हणजे कर्क्युमीन नव्हे. चरकांनी हरिद्रा, म्हणजे हळद, कुष्ठघ्न गणात (त्वचारोगांवरच्या औषधांत) सांगितली ती अख्खी, तिच्या तेलासकट. आम्ही ती तुपात देतो, दुधात देतो, काढ्यात देतो. कर्क्युमीन स्निग्धात विरघळतं, पाण्यात नाही, हे तुमच्याच रसायनशास्त्रानं नंतर सांगितलं. एक घटक ओढून काढायचा, पन्नास पट करून गोळीत कोंबायचा, आणि मग तो लागू पडला नाही किंवा बाधला की बोट आयुर्वेदाकडे. आम्ही कधी सांगितलं होतं असं करा म्हणून?

अडतीवरचा बी.एस्सी.

वैद्यराज, गोळीच्या विरोधात तुम्ही माझ्याच बाजूला आहात, गंमत आहे. पण मग तुपातल्या अख्ख्या हळदीचीच तशी चाचणी होऊ द्या ना. अर्धे रुग्ण तूप-हळदीवर, अर्धे नुसत्या पिवळ्या तुपावर.

सातारचा वैद्य

होऊ द्या. पैसे कोण देणार? तुपाचं पेटंट निघत नाही, म्हणून कंपनी येत नाही.

इंजिनिअरिंगचा पोरगा

या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी वेगळ्याच गोष्टीसाठी आलोय. वर कोणीतरी "तपासलेली हळद" म्हणून पुढे गेलं. तपासायचं काय? शिसं.

बांगलादेशात १९८८ च्या पुरात हळद भिजली, काळवंडली. ती कोण घेणार? म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट, फर्निचरला लावायचा पिवळा रंग, चोळायला सुरुवात झाली. पूर ओसरला, सवय राहिली. स्टॅनफर्ड आणि ढाक्याच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ते उघड केलं. गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं हळदीतून येतंय, इथपर्यंत माग काढला. मग सरकारनं घाऊक बाजारात हातात धरायचं क्ष-किरण यंत्र नेलं. यंत्र हळकुंडावर रोखायचं, क्ष-किरण शिशाच्या अणूंना धडकतात, ते स्वतःचे ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतात, आणि मिनिट-दोन मिनिटांत पडद्यावर आकडा. जागेवर दंड, माल जप्त. २०१९ ला ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ ला शून्य. आरोग्याच्या कामात दोन वर्षांत असा निकाल क्वचितच लागतो.

आपल्याकडचा अभ्यास २०२४ मध्ये छापून आला, त्यात भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेतल्या २३ शहरांचे नमुने तपासले होते. सुमारे १४ टक्क्यांत ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं होतं. पाटण्यात काही नमुने १००० च्या वर. आपल्याकडची कायद्यानं ठरलेली मर्यादा १०.

हरिपूरकर

पोरा, जरा सांभाळून. पाटण्याचं पाप सांगलीच्या माथी मारू नको. आमच्या हरिपुरात जमिनीखाली पेवं होती, तिथं हळद वर्षानुवर्षं राहायची, ना कीड ना रंग उडणं. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, माल कुजला. त्या वासाची अजून आठवण आहे. पण म्हणून कुणी रंग चोळला नाही. आमच्या ढोलात पॉलिशला हळदीचंच पाणी शिंपडतात.

इंजिनिअरिंगचा पोरगा

आजोबा, माझाही तुमच्यावर विश्वास आहे. पण बाहेरच्या देशातला व्यापारी तुम्हाला ओळखत नाही, त्याला आकडा लागतो. ते यंत्र लाखांत येतं, पण यार्डाला एक पुरे. पोत्याला एक चिठ्ठी: शिसं इतकं, कर्क्युमीन इतकं, कुठल्या गावची. (कर्क्युमीनचा आकडा त्या यंत्रावर येत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते, हे आधीच सांगून टाकतो.) कसबे डिग्रजला हळदीचं संशोधन केंद्र आपल्या दारात आहे.

मिरजेची रेसिडेंट

याला माझं पूर्ण अनुमोदन. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, आणि त्याची अमुक एक मात्रा सुरक्षित, असं म्हणता येत नाही.

वाळव्याचा

चिठ्ठी चांगली. पण तपासणीचा खर्च कुणाच्या पट्टीतून, म्हंजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदातून, कापणार? हमाली कापता, तोलाई कापता, आता शिसं-तपासणी कापणार. आणि चिठ्ठी लागलेल्या मालाला क्विंटलमागं दर चढून मिळणार का? की चिठ्ठी माझी आणि फायदा निर्यातदाराचा? गोळीच्या कारखान्यात निदान शेअर तरी माझ्या नावावर असतोय.

अडतीवरचा बी.एस्सी.

काका, याला सोपं उत्तर नाही. यकृताचं वाचल्यावर गोळीचा शेअर घ्यायला मी आता दुप्पट घाबरीन, पण तुमचा प्रश्न तिथल्या तिथेच आहे. तपासणी शेतकऱ्याच्या पट्टीत बसवली तर ती आणखी एक कपात होईल आणि वर्षभरात लोक टाळायला लागतील. ती खरेदीदाराच्या बाजूला बसायला हवी, त्यालाच तो कागद बंदरावर दाखवायचाय. आमच्या दुकानापुरतं वडिलांशी बोलतो. काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

वाळव्याचा

बोला. आणि जे ठरंल ते पट्टीवर छापून द्या. तोंडी नको.