बाई, ॲपने ८.७ दिलंय!

भौतिकवाली_बाई
दोलकाच्या तासाला यंदा गोळ्याऐवजी मोबाईलच दोरीला टांगला. फायफॉक्स ॲप जायरोस्कोपवरून (फोनमधला फिरणं टिपणारा सेन्सर) दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, काढतं आणि लांबी भरली की गुरुत्वत्वरण थेट पडद्यावर. एरवी खिडकीबाहेर बघणारी पोरंही पुढे सरकली. (फोन पडेल या भीतीने माझा जीव मात्र दोरीसकट टांगणीला.)

एका गटाला ८.७ आलं. त्यांनी ते वहीत उतरवून खाली दोन रेघाही मारल्या. म्हटलं, पुस्तकात ९.८ आहे ना? तर म्हणे, "बाई, ॲपने दिलंय!" एकानेही एक झोका मोजलेला नव्हता. पुढच्या तुकडीला आधी स्टॉपवॉच देऊ का? ॲप सोडायचं नाहीये.

जुना_खडू
आधी स्टॉपवॉचच. वीस आंदोलनं मोजू द्या, कंटाळू द्या. एकाच झोक्याला बटण दाबलं तर बोटाची सगळी चूक त्याच झोक्यावर पडते, वीस मोजले तर ती विसांत वाटली जाते. ॲपमध्ये हे कळायला वावच नाही.

मागचा_बाक
बाई, लांबी कुठपर्यंत मोजली होती? फोनच्या वरच्या कडेपर्यंत असणार. ती गुरुत्वमध्यापर्यंत, म्हणजे साधारण फोनच्या मध्यापर्यंत, धरायची असते. ॲपचं काही चुकलं नाही, त्याला भरवलेला आकडा चुकला. खडूसरांचं पटत नाही. ८.७ हा आयता सापडलेला धडा आहे, तो आधीच टाळू नका.

कार्डवाली
मी प्रयोगाआधीच विचारते: फोन जड घेतला तर दोलनकाल वाढेल, घटेल, की तोच राहील? हात वर करायला सांगितलं की सगळे पहिल्या बाकाकडे बघतात, म्हणून प्लिकर्सची कागदी कार्डं वाटते. कार्डाची जी बाजू वर, ते उत्तर. माझ्या एकाच फोनचा कॅमेरा सगळा वर्ग टिपतो, मुलांकडे फोन लागत नाही. मतं फुटली की शेजाऱ्याला पटवायला दोन मिनिटं. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१ पासून असंच शिकवत आलेत, तेव्हा स्मार्टफोन कुठे होते!

भौतिकवाली_बाई
मागचा_बाक, नेमकं तेच! आज त्याच गटाच्या हातात पट्टी दिली. फोन १५ सेंमी लांब, म्हणजे मध्य कडेपासून ७.५ खाली. ६० च्या जागी ६७.५ भरलं, तर ९.७९! खडूसरांसाठी वीस आंदोलनंही मोजून घेतली: ३३ सेकंद. ॲपचा दोलनकाल १.६५, जुळला. ८.७ खोडू दिलं नाही, शेजारी कारण लिहायला लावलं.

निघताना एकीने विचारलं, "बाई, फोन आडवा टांगला तर?" उत्तर दिलं नाही. उद्या जास्तीची दोरी नेतेय.