रायन डे की जिम हार्बॉ: ऑफेन्स नक्की कुणाला कळतो?

कोलंबसकर (धागाकर्ता)

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी आमच्याकडे मिसळ असते आणि टीव्हीवर अमेरिकन कॉलेज फुटबॉल: ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. २०२५ च्या नोव्हेंबरात आम्ही २७-९ जिंकत होतो, आणि तरीही डेट्रॉइटहून आलेला मिशिगनवाला मित्र रस्सा वाढून घेता घेता म्हणाला, "तुमचा डे पोरं चांगली गोळा करतो रे. पण ऑफेन्स कळायचा तो हार्बॉला." डे म्हणजे आमचा मुख्य कोच, हार्बॉ मिशिगनचा माजी कोच आणि ऑफेन्स म्हणजे बॉल हातात असताना गुण करायचा खेळ. तोंडात तर्री होती म्हणून गप्प बसलो. आता सविस्तर उत्तर देतो.

डे २०१७ साली ओहायो स्टेटला आला आणि २०१९ पासून मुख्य कोच झाला. त्याच्या हाताखालून गेलेले क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारे, बघा. २०१८ साली ड्वेन हॅस्किन्सने एका मोसमात ५० टचडाउन पास टाकले. २०१९ साली जस्टिन फील्ड्सचे ४१ टचडाउन आणि फक्त ३ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने पकडलेले पास. मग सी. जे. स्ट्राउड. १ जानेवारी २०२२ ला रोज बोल या मानाच्या सामन्यात यूटाविरुद्ध स्ट्राउडने ५७३ यार्ड टाकले, त्यातले ३४७ एकट्या जॅक्सन स्मिथ-इंजिग्बाने पकडले.

आणि हार्बॉ? २०१८ साली मिशिगनचा डिफेन्स (अडवणारी बाजू) देशात पहिला म्हणून मिरवत आमच्याकडे आला आणि ६२ गुण खाऊन गेला. तेव्हा डे आमचा ऑफेन्स कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्स आखणारा कोच होता. पुढच्या वर्षी त्यांच्याच घरी ५६-२७. समोरचा सेफ्टी (सगळ्यात मागचा रक्षक) एक पाऊल चुकीचं टाकतो आणि त्याच्या मागे बॉल पडतो, हे डे ज्या सातत्याने घडवून आणतो ते हार्बॉला कधी जमलेलं नाही. मुद्देसूद विरोध असेल तर या.

निळीपिवळी

आले. तुमची यादी २०१९ ला थांबते आणि मग थेट यूटावर उडी मारते. मधलं काय झालं?

२७ नोव्हेंबर २०२१. आमच्या ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये मी होते, वरून बर्फ, थर्मासमधला चहा पहिल्या क्वार्टरमध्येच गार. २०११ नंतर आम्ही तुम्हाला हरवलंच नव्हतं, त्यामुळे आजूबाजूला कुणी फार आशेने आलेलंही नव्हतं. हाफटाइमनंतर मी बॉलकडे बघणं सोडलं आणि फक्त आमच्या लाइनकडे, म्हणजे बॉलवाल्याला वाट करून देणाऱ्या पुढच्या फळीकडे, बघत बसले. बॉल हलला की एका बाजूचा गार्ड मागे एक पाऊल घ्यायचा आणि लाइनच्या मागून दुसऱ्या बाजूला धावत सुटायचा. तीनशे पौंडांचा गडी. तिकडे तुमचा लाइनबॅकर (फळीमागचा रक्षक) बिचारा एकटा उभा. धडक बसायची, भगदाड पडायचं, त्यातून हसन हॅस्किन्स. पुन्हा तेच, पुन्हा तेच. तुमच्या पोरांना काय येतंय ते दिसत होतं आणि तरी थांबवता येत नव्हतं. हॅस्किन्सचे ५ टचडाउन, आमचे रनचे २९७ यार्ड, तुमचे ६४. सामना ४२-२७.

(हॅस्किन्स दोन आहेत, वाचकांनी घोळ घालू नये. त्यांचा पास टाकायचा, आमचा पळायचा.)

त्या दिवशी स्ट्राउडने ३९४ यार्ड टाकले. हो, ३९४. मग ऑफेन्स कुणाचा चांगला?

कोलंबसकर

३९४ यार्डवाल्याचा! ४२ गुण दिले ते डिफेन्सने. त्याचं खापर डेच्या ऑफेन्सवर कसं फोडता?

निळीपिवळी

नाचता येईना अंगण वाकडं. आमचा ऑफेन्स मैदानावर असला की तुमचा बाकावर बसून बर्फ मोजायचा. घड्याळ खाणं हेही ऑफेन्सचंच काम असतं.

पेठेतला_बघ्या

पुण्यातून वाचतोय. फुटबॉल म्हटल्यावर मेस्सी असेल म्हणून धागा उघडला. यार्ड-बिर्ड कुणी चार ओळीत सांगाल काय?

मधला_गडी

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेलात तर बॉल समोरच्याला. जायला दोन वाटा: बॉल हातात घेऊन घुसा, म्हणजे रन, किंवा क्वार्टरबॅकने पुढे पळणाऱ्याकडे फेकायचा, म्हणजे पास. पासमध्ये एका फेकीत पन्नास यार्ड मिळतात, पण बॉल खाली पडला तर शून्य आणि समोरच्याने पकडला तर बोंब. शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की टचडाउन, ६ गुण. त्यावर एका किकचा १. टचडाउन जमत नसेल तर दांड्यांमधून किक मारून ३ गुण, तो फील्ड गोल.

कोलंबसकर पासचे भक्त, ताई रनच्या.

निळीपिवळी

ताई रनची भक्त नाही. हार्बॉ म्हणजे डोकं खाली घालून भिंतीला धडका, हा ओहायोवाल्यांनी करून घेतलेला समज आहे. २०२२ चा सामना घ्या, तुमच्या घरात. आमचा मुख्य धावपटू ब्लेक कोरम गुडघा दुखावून जवळपास बाहेर. हाफटाइमला तुम्ही २०-१७ ने पुढे. तुम्ही रन अडवायला माणसं पुढे आणून उभी केलीत, तर आम्ही त्यांच्या डोक्यावरून टाकला. कॉर्नेलियस जॉन्सनचे ६९ आणि ७५ यार्डांचे टचडाउन, दोन्ही पासवर. मग तुम्ही मागे सरकलात, तर हाताला प्लास्टर घातलेला डॉनवन एडवर्ड्स एकदा ७५ आणि एकदा ८५ यार्ड पळाला. दुसरा हाफ २८-३. समोरचा काय करतोय ते बघून वाट बदलली. यालाच कोचिंग म्हणतात ना?

सरळसोट

खुणा चोरल्या की वाट बदलायला सोपंच जातं. मिशिगनच्या स्टाफमधला माणूस तीन वर्षं लोकांना दुसऱ्यांच्या सामन्यांना पाठवून कोचेसचे हातवारे टिपत होता, हे २०२३ मध्ये बाहेर आलं. हार्बॉला बिग टेनने (दोन्ही टीम ज्या लीगमध्ये खेळतात तिने) तीन सामने घरी बसवलं. आणि इथे म्हणे कोचिंग.

मधला_गडी

त्यांनी केलं ते चूकच. पण चर्चा ऑफेन्सची आहे. हातवारे कळल्याचा मोठा फायदा डिफेन्सला होतो, कारण समोरचा रन करणार की पास हे आधीच कळतं. ३०० पौंडांचा गार्ड धावत येतोय हे मात्र खुणा न चोरताही सगळ्यांना दिसतं. शिवाय प्रकरण उघड झाल्यावर, तो माणूस गेल्यावर, त्याच मोसमात त्यांनी ओहायो स्टेटला ३०-२४ हरवलं. फायनलमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध रनचे ३०३ यार्ड काढून ३४-१३ ने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आणि १५-० ने मोसम संपवला.

सरळसोट

३०-२४ ला हार्बॉ मैदानावर नव्हता. त्याचा साहाय्यक शरोन मूर होता.

कोलंबसकर

सरळसोट, धन्यवाद! हाच माझा पुढचा मुद्दा होता. २०२१ ला प्ले कॉल करण्याचं, म्हणजे कुठला डाव खेळायचा ते ठरवण्याचं श्रेय जॉश गॅटिसला, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम साहाय्यक कोच ठरला. लाइन घडवली मूरने, २०२१ आणि २०२२ सलग दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम लाइनचा पुरस्कार तिलाच. मग हार्बॉचं काय? त्याची ती नेहमीची खाकी पँट?

निळीपिवळी

जो न्याय आम्हाला तोच तुम्हाला. २०२४ च्या विजेतेपदाच्या मोसमात तुमचे प्ले कोण कॉल करत होतं? चिप केली. डे न्यू हॅम्पशायरला क्वार्टरबॅक होता तेव्हा त्याचा कोऑर्डिनेटर हाच केली. यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचं मुख्य कोचपद सोडून गुरुजी चेल्याच्या हाताखाली नोकरीला आले. मग तुमचं विजेतेपद केलीच्या नावावर लावू का?

जुनाट

मंडळी, मी १९७६ साली कोलंबसला एमएस करायला आलो. आमच्या वेळी इथे ओहायो स्टेटचे कोच वुडी हेज होते. पास टाकणं म्हणजे त्यांना उधळपट्टी वाटे. जमिनीवरून तीन यार्ड, पुन्हा तीन यार्ड, पुन्हा तीन यार्ड. मी आलो त्याच वर्षी आपल्याच स्टेडियममध्ये मिशिगनने २२-० ने हरवले. १९७७ ला १४-६, १९७८ ला १४-३. तिन्ही वर्षांत ओहायो स्टेटचा एकही टचडाउन नाही! पलीकडे मिशिगनचे कोच बो शेंबेक्लर, तेही हेज यांच्याच हाताखाली शिकलेले. एकाच तालमीतले दोन पैलवान, डावही तेच.

सांगायचे कारण, आज ओहायोचा माणूस पासचे गुणगान करतो आणि मिशिगनची मुलगी जमिनीवरच्या खेळाचे, हे पाहून मौज वाटते. हार्बॉ स्वतः शेंबेक्लर यांचा क्वार्टरबॅक. त्याने घरचीच विद्या चालवली. डे मात्र इथला नव्हे, त्यामुळे त्याच्यावर जुने ओझे नव्हते. पण ते त्याने आपणहून डोक्यावर घेतले.

मधला_गडी

काका, शेवटचं वाक्य लाखाचं. माझं म्हणणं तेच आहे, फक्त मी ते तारखांसकट मांडतो.

सप्टेंबर २०२३. ओहायो स्टेट नोत्र दामला १७-१४ हरवते, अगदी शेवटच्या क्षणी. डे टीव्हीवर येतो आणि खेळाबद्दल बोलायच्या ऐवजी नोत्र दामचे जुने कोच लू होल्ट्झ यांच्यावर उखडतो, कारण ८६ वर्षांचे होल्ट्झ म्हणाले होते की याची टीम अंगाने कमी पडते. मला तेव्हाच वाटलं, हे टोमणे याच्या फार आत गेलेत.

आता ३० नोव्हेंबर २०२४. समोर मिशिगन, पाच सामने हरलेली टीम, हार्बॉ केव्हाच एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये. ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथ, देशातला सगळ्यात भारी रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा. मिशिगनची ताकद एकाच ठिकाणी: डिफेन्सच्या मधोमध उभे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. पोराटोरांनीही सांगितलं असतं की मध्ये जाऊ नका. हे पुन्हा पुन्हा मध्येच गेले. रनचे ७७ यार्ड. स्मिथच्या वाट्याला ५ कॅच, ३५ यार्ड. उलट मिशिगनच्या केलेल मलिंग्जने शेवटी तिसऱ्या प्रयत्नाला २७ यार्ड काढले, फील्ड गोल झाला, १३-१०. हार्बॉ तिथे नसताना डे हार्बॉशी खेळला आणि हरला.

तीन आठवड्यांनी तीच टीम, तोच केली, तोच क्वार्टरबॅक विल हॉवर्ड. टेनेसीविरुद्ध ४२, ओरेगनविरुद्ध ४१. फरक काय, तर पहिल्या काही मिनिटांतच स्मिथकडे बॉल. फायनलला नोत्र दामशी ३१-२३, अडीचेक मिनिटं बाकी, तिसरा प्रयत्न आणि ११ यार्ड हवेत. बहुतेक कोच तिथे रन करून घड्याळ पळवतील. यांनी स्मिथला लांब पाठवला, ५६ यार्ड, सामना खिशात. कौशल्य डेकडेच जास्त आहे. पण मिशिगन समोर आलं की ते वापरायची त्याला लाज वाटायची.

कोलंबसकर

"लाज" हा शब्द झोंबला, पण १३-१० च्या दिवशी मीही टीव्हीवर उशी फेकली होती. २७-९ ला मात्र ३ टचडाउन पास होते, तेही ॲन आर्बरमध्ये. म्हणजे औषध लागू पडलं म्हणायचं.

निळीपिवळी

२७-९ मान्य. मधला_गडी यांचं अर्धंच मान्य. ज्याच्या नुसत्या आठवणीने समोरचा कोच स्वतःचा खेळ विसरतो, त्याचं पारडं माझ्या हिशेबी जडच.

पेठेतला_बघ्या

काल रात्री २०२१ च्या सामन्याची झलक पाहिली. तो पळत सुटणारा गार्ड सापडला हो! कबड्डीत कोपरारक्षक आत घुसतो तसा. आता पुढचा कुठला बघू?

कोलंबसकर

रोज बोल, यूटा, ४८-४५. डोळ्यांचं पारणं फिटेल.

निळीपिवळी

पेन स्टेट, ११ नोव्हेंबर २०२३. शेवटचे ३२ प्ले सलग रन. आम्ही २४-१५ जिंकलो.

सरळसोट

त्यालाही हार्बॉ घरीच होता.

पेठेतला_बघ्या

बत्तीस?? आधी तोच लावतो.