मदत हवी आहे : पोलिओचा डोस दोनदा गेला तर?

खाडीकाठची सून:
रविवारी पोलिओचा डोस बहुतेक दोनदा गेलाय. काही होतं का? गूगलवर उलटसुलट वाचून डोकं फिरलंय. डॉक्टर फोन उचलत नाहीत. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा, घाई आहे.

तिन्हीसांजा:
बाळ केवढं? थेंब की इंजेक्शन? "बहुतेक" म्हणजे काय?

मालवणी मसाला:
भिया नको गो बाय. दोनदा गेलो तरी काय एक होवचा नाय. आमच्या झिलाक आजयेन बूथवर नेल्यान, मगे मावशेन एस्टी स्टँडार. आता बारावीत आसा.

तर्कट:
मुळात द्यायचाच कशाला? 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला ना? मग दर वर्षी रविवार का वाया घालवतात?

निवृत्त सिस्टर:
तर्कट, आपल्याकडचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला, दीड वर्षाची मुलगी. त्यानंतर तीन वर्षं एकही नाही, तेव्हा 27 मार्च 2014 ला प्रमाणपत्र मिळालं. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे आणि माणसं ये-जा करतात. आपल्या बंदरावरचे खलाशी कुठकुठून येतात ते बघा.
ताई, तुम्ही वय सांगा. आणि कार्डावर काय काय दिलंय?

खाडीकाठची सून:
सात महिने. कार्ड पुण्यात राहिलं, आम्ही सासरी आलोय. थेंबच. थोरल्याच्या दोन्ही करंगळ्यांना शाईची खूण आहे, म्हणून शंका आली.

तिन्हीसांजा:
थोरला?? सात महिन्यांचा थोरला?

खाडीकाठची सून:
अहो जुळी आहेत. लिहिलं नाही का मी?

निवृत्त सिस्टर:
नाही लिहिलंत! धाकट्याची बोटं बघा आधी.

खाडीकाठची सून:
कोरी आहेत दोन्ही. अरे देवा.
बूथ शाळेत, आणि दोघांना कडेवर घेऊन घाटी चढवेना म्हणून सासूबाईंनी एकेकाला नेलं. टोपडी सारखीच. थोरलाच दोनदा गेला असणार! दुसऱ्या वेळी म्हणे डावी मूठ त्याच्या तोंडात होती, म्हणून बाईंनी उजव्या करंगळीला शाई लावली.

सुवर्णबिंदू:
यापेक्षा दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन करा. आमच्या नातवंडांना कधी साधी सर्दी नाही.

निवृत्त सिस्टर:
सोनं हवं तेवढं चाटवा, पोलिओला ते चालत नाही. थोरल्याची काळजी सोडा, जादा डोसाने काही बिघडत नाही. धाकट्याला मात्र द्यायलाच हवा. घरोघरची टीम आली नाही का?

खाडीकाठची सून:
काल आली होती. मुलं झोपलेली, सासूबाईंनी सांगितलं दोघांचं झालं. चौकटीवर खडूने "पी" लिहून गेले.

निवृत्त सिस्टर:
मग आता कुणी आपणहून येणार नाही, "पी" म्हणजे या घराचं काम झालं. आशाताईंना आत्ता फोन करा, सांगा एक राहिलंय. थेंब देताना बाटलीवरचं चिन्ह बघून घ्या. गोलाच्या आतला चौकोन गोलापेक्षा फिकट असला तर लस चांगली. आम्ही खाडीपलीकडच्या वाडीत तरीने, म्हणजे होडीने जायचो, खांद्याला लसीचा डबा, आत बर्फाच्या चार पिशव्या. नाखवा विचारायचा, सिस्टर, बांगडो काय? परतताना त्या चौकोनावर नजर ठेवूनच उरलेली बाटली आणायची.

चाकरमानी:
ही तर अजून चालू आहे का? गणपतीला गाडी पलीकडे ठेवून यायचा विचार आहे.

तर्कट:
थेंबांमुळेच पोलिओ होतो असंही वाचलंय. त्यावर बोला.

निवृत्त सिस्टर:
होतो, अगदी क्वचित. थेंबांत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. म्हणूनच 25 एप्रिल 2016 ला थेंबांतून दोन नंबरचा प्रकार काढला आणि त्याच्या आधीच इंजेक्शन सुरू केलं. त्यात मेलेला विषाणू असतो. इंजेक्शन लकव्यापासून वाचवतं, थेंब आतड्यात विषाणू वाढू देत नाहीत. दोन्ही लागतात. ताई, नऊ महिन्यांचं इंजेक्शन विसरू नका, कार्ड मागवून घ्या.

तर्कट:
हे आधी सांगायचं होतं.

तिन्हीसांजा:
आधी तुम्ही "रविवार वाया" म्हणालात.

मालवणी मसाला:
भांडा नको रे. गे बाय, झाला काय?

खाडीकाठची सून:
झालं. आशाताई डबा घेऊनच आल्या. चौकोन फिकट होता, मी दोनदा पाहिला. धाकट्याने थेंब थुंकले, परत द्यावे लागले. शाई लावताना तोही मूठ तोंडात घालत होता, पण ताईंनी डावीच ओढून काढली. सासूबाईंनी आता थोरल्याच्या टोपड्याला लाल दोरा शिवलाय.

चाकरमानी:
छान झालं. ती तरीची वेळ कुणी सांगेल का?

निवृत्त सिस्टर:
चालू आहे. भरती बघून या.