व्यसन: आजार की मर्जी? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती, नौपाडा

२० जुलै आला की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर लिंकिन पार्क सुरू होतं. त्या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ साली त्या दिवशी गेला, ४१ वर्षांचा होता. दारू-ड्रग्जशी त्याची झुंज जुनी, मन:स्थितीशी त्याहून जुनी. दरवर्षी मेणबत्त्या, 'लेजंड', रडक्या इमोजी. यंदा त्याच आठवड्यात आमच्याच बॅचचा एक जण लिव्हरने गेला. त्याच ग्रुपवर लगेच 'किती समजावलं होतं', 'ऐकायचाच नाही', 'बायको सुटली बिचारी'. चेस्टरच्या बायकोबद्दल असं लिहायची कुणाची टाप नव्हती.

वाद घालायला हा धागा नाही. घरात, दोस्तांत किंवा स्वतःत जे पाहिलंत ते लिहा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूच्या व्यसनाला १९५६ मध्येच आजार म्हटलं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्याही दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था धरूनच केलेली आहे. तरी सोसायटीच्या जिन्यात 'बेवडा' हाच शब्द चालतो. कृपया कुठल्याही माणसाचं नाव लिहू नका. वाईट अनुभव असेल तर व्यसनमुक्ती केंद्राचं, हॉस्पिटलचंही नको.

खारेगावकर

मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस हा रॉक बँड ऐकायला गेलो होतो. सगळे गिटारवाल्या स्लॅशकडे बघत होते, मी बेसवाल्या डफ मकेगनकडे. १९९४ साली, तिशीत, दारूने त्याचं स्वादुपिंड फुटलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा प्यायलास तर मरशील. त्याने सोडली. त्याच्या जरा आधी एका विमानात तो निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या शेजारी बसला होता. कर्ट काही दिवसांतच गेला, आणि हा साठी उलटल्यावर मुंबईत ताठ उभा राहून वाजवत होता.

माझ्या मोठ्या भावालाही तेच दुखणं, पॅन्क्रियाटायटिस. कळ आली की गुडघे छातीशी घेऊन पुढे वाकून बसायचा, आडवं केलं की ओरडायचा. त्यालाही डॉक्टरांनी तेच सांगितलं. डिस्चार्ज मिळाल्यावर आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली, ती दिवाळीपर्यंत टिकली. पुढच्या वेळी तो हॉस्पिटलातून घरी आलाच नाही.

मेहुणा म्हणतो, बघ, दोघांना एकच ताकीद, म्हणजे निवडच झाली की. पण डफकडे पैसा होता, माणसं होती. भाऊ घरी आला तो परत त्याच रिक्षावर, त्याच स्टँडवर, समोर तोच बार. आता त्याच स्टँडवरचे दोघे पैशाअडक्याशिवाय सोडून आज ठणठणीत आहेत, हेही मला दिसतं. त्यांना बघितलं की भावाचा राग येतो, आणि राग आला की आईसमोर जाववत नाही.

कोपरखैरण्याची

लोकलच्या डब्यातली 'दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता' ही पत्रकं सगळ्यांनी पाहिली असतील. सासूबाईंनी त्यावर फोन करून पावडर मागवली आणि नवऱ्याच्या आमटीत घालायला लागल्या, मला पत्ता नाही. दिराच्या हळदीला तो नेहमीसारखा प्यायला. दहा मिनिटांत तोंड लालभडक, छाती धडधडतेय, उलट्या, मग बीपी एकदम खाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'घरात काय देत होतात?' त्यांच्या मते त्यात डायसल्फिराम असावं. खरं औषध आहे ते, पण पेशंटला सांगून, तपासण्या करून द्यायचं. पोटात ते असताना दारू गेली की दारूपासून शरीरात बनणारं विष पुढे मोडतच नाही, साचत जातं. माणूस मरूही शकतो.

मी अल-अनॉनला जायला लागले, पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग. तिथे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की हे तू निर्माण केलेलं नाहीस, तू आवरू शकत नाहीस, बरंही करू शकत नाहीस. इतकी वर्षं 'बायकोने नीट सांभाळलं नाही' ऐकून घेतलेल्या बाईला ते काय वाटलं असेल! त्या दिवशी 'आजार' शब्दाने मला वाचवलं.

पुढे नवरा केंद्रात जाऊन तोच शब्द शिकून आला. प्यायला आणि मी बोलले की म्हणायचा, 'मी पेशंट आहे, पेशंटला कोण असं बोलतं?' अहो, माझे सासरे बीपीचे पेशंट आहेत. रोज सकाळी स्वतः उठून गोळी घेतात, कुणाला हातापाया पडायला लावत नाहीत. आजार असेल तर असो, गोळी तरी स्वतः घे.

तुर्भ्याचा

वडील एपीएमसीत माथाडी. आई पगाराला मार्केटच्या गेटवर उभी राहायची, पैसे गुत्त्यापर्यंत पोचायच्या आत हातात यावेत म्हणून. आजार होता तर पगाराच्याच दिवशी कसा उसळायचा? गावी माळकरी मामांकडे उतरले की थेंब घ्यायचे नाहीत. शेवटी स्वतःच माळ घातली, सुटली. ना केंद्र, ना गोळी. माझं मत मर्जी.

सोबर, वर्तकनगर

वरच्या भावाला उत्तर देतो, राग मानू नये. मी एएवाला, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाणारा. दारूपुढे आम्ही हतबल झालो हे कबूल करणं ही आमची पहिलीच पायरी. मीटिंगमध्ये मी 'आजार' म्हणतो. पण पहिली क्वार्टर घेताना माझा हात कुणी धरला नव्हता. दोस्तांत बसायला मजा यायची, गटारीच्या आधी आठवडाभर प्लॅन चालायचा. तिथे मर्जीच होती.

शेवटी शेवटी मात्र सकाळी दात घासायच्या आधी हात असे थरथरायचे की दाढी करता यायची नाही. नव्वदी पोटात गेली की हात स्थिर, मग दाढी, मग कामावर. चवबिव, मजाबिजा काही नाही. त्या नव्वदीला मर्जी म्हणायचं असेल तर म्हणा.

तुमच्या वडिलांसारखीच गोष्ट आमच्या काउन्सेलरने सांगितली होती. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतले, तेव्हा ली रॉबिन्स या बाईंनी त्यांचा माग ठेवला. बहुतेकांनी सोडलं, त्यातही बऱ्याच जणांनी उपचाराविना. जागा बदलली, संगत बदलली. मामांचं घर म्हणजे तेच असणार. मीसुद्धा ठाणे स्टेशनवरून रिक्षा सोडून टीएमटीने येतो, कारण रिक्षावाला परमिट रूमसमोरूनच वळतो.

नर्स, बेलापूर

माळ घालून सुटलेले मीही पाहिलेत, खोटं नाही. पण रोज भरपूर पिणारा एकदम थांबला तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भिंतीवर किडे दिसणं, नसलेल्या माणसांशी बोलणं सुरू होतं, ताप चढतो. आमच्याकडे एकाने रात्रभर पांघरुणावरून मुंग्या वेचल्या. एकही मुंगी नव्हती. यात माणसं दगावतात. म्हणून गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, सोबत व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं.

गाणाऱ्यांचं निघालंय म्हणून लिहिते. द हू बँडचा ड्रमर कीथ मून १९७८ मध्ये गेला, तो दारू सुटावी म्हणून दिलेल्या गोळ्याच अतोनात घेऊन. गायिका एमी वाइनहाउस २०११ मध्ये गेली तेव्हा तिच्या १०० मिलिलिटर रक्तात ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० आहे. त्याआधी काही आठवडे तिने दारू बंद ठेवली होती. थांबल्यावर शरीराची सवय मोडते, मग परत जुना डोस घेतला की झेपत नाही. गर्द घेणाऱ्यांत हे फार होतं, केंद्रातून सुटून आल्यावरचा पहिला आठवडा घातक.

आणखी एक. एम्सने २०१९ मध्ये देशभरचा सर्व्हे दिला, त्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळाले होते. बाकीचे ३७ जिन्यातच.

घणसोलीकर

चुलत्यांच्या लिव्हरचं बिल सहा आकडी झालं. क्लेम नामंजूर. पॉलिसी काढून बघा, वगळलेल्या गोष्टींत दारू, ड्रग्ज आणि व्यसनाच्या उपचारांची ओळ जवळपास सगळ्यांकडे सापडेल, 'त्याचे परिणाम' धरून. कायदा म्हणतो आजार, विमावाला म्हणतो तुमची मर्जी. मधल्या मधे काकूंच्या बांगड्या गेल्या.

बेसूर, घोडबंदर रोड

मुंबईत रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव ऐकून वाढलेली आमची पिढी. हेंड्रिक्स, जॉप्लिन, मॉरिसन हे रॉकस्टार १९७०-७१ मध्ये एका वर्षाच्या आत गेले, तिघेही २७ चे. पुढे कर्ट आणि एमी, तेही २७ चेच. आम्हाला तो आकडा पवित्र वाटायचा. आमचा गायक म्हणायचा, 'सत्ताविसाच्या पुढे जगला तो विकला गेला.' गांजावर थांबला नाही. आज चाळिशीत आहे, काळी दोन पट्टीही लागत नाही, आईच्या पेन्शनवर राहतो. त्याच्यावर कोण गाणं लिहिणार?

गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनने १९८७ मध्ये दारू सोडली. १९९१ मध्ये चार वर्षांचा मुलगा गेला तेव्हाही परत बाटलीला शिवला नाही, आणि १९९८ मध्ये अँटिग्वात व्यसनमुक्ती केंद्र काढलं. त्याचा टी-शर्ट घेणारे गिटारसाठी घेतात. आणि रॉक गायक स्कॉट वायलंड डिसेंबर २०१५ मध्ये टूरच्या बसमध्ये गेला तेव्हा त्याच्या मुलांच्या आईने जाहीर पत्र लिहिलं: ह्याचं उदात्तीकरण करू नका, जन्म-मृत्यूची सालं छापलेल्या टी-शर्टाऐवजी त्या पैशात एखाद्या पोराला आइस्क्रीम खायला न्या. तेव्हा मला बाईचा राग आला होता. आता मला मुलगी आहे.

ऐरोली सेक्टरवाली

माझा भाऊ एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगवर आहे. एमडी २०१५ मध्ये कायद्याने बंद झालं, मिळतं मात्र पिझ्झाइतकंच सहज. अॅलिस इन चेन्स बँडचा गायक लेन स्टेली २००२ मध्ये घरात मेलेला सापडला तो साधारण दोन आठवड्यांनी. हे वाचल्यापासून मी भावाच्या खोलीवर दिवसाआड जाते. कडी आतून वाजेपर्यंत उभी राहते. आजार की मर्जी हे ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी ठरवावं. माझं अजून आहे, मला वेळ नाही.

दिघ्याचा

नर्सताई, एक विचारू? भाचा रोज दीड-दोन क्वार्टर पितो. कालपासून म्हणतोय, सोमवारपासून पूर्ण बंद, घरातच कोंडून घ्या. आम्ही खूश झालो होतो. तुमचं वाचून धास्ती बसली.

नर्स, बेलापूर

कोंडू नका. सोमवारपर्यंत थांबूही नका, उद्याच सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत न्या. आधी कधी फिट आली होती का ते नक्की सांगा. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथेही विचारा. तोवर घरी अचानक बंद नको. बोलला आहे तोवरच न्या, ही तयारी चार दिवस राहत नाही.

सोबर, वर्तकनगर

दिघावाले, मी उद्या सुट्टीवर आहे. तुमच्यापैकी एक जण आणि मी, दोघं घेऊन जाऊ. मेसेज टाका.