नुसतं एका बाकावर बसवून भागत नाही

अनेकांना वाटतं, हिंदू-मुस्लिम मुलं एका वर्गात आली की पूर्वग्रह आपोआप गळतात. तसं होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच पूर्वग्रह कमी होण्याच्या अटी मांडल्या: समान दर्जा, एकच ध्येय, सहकार्य आणि अधिकारपदावरच्यांचा, म्हणजे शाळेत शिक्षकांचा, उघड पाठिंबा. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सनने १९७१ साली वांशिक तणाव असलेल्या अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या शाळांत वापरलेली पद्धत इथेही करून बघा. पाच-सहा जणांचा गट, धड्याचा एकेक तुकडा एकेकाकडे; बाकीच्यांनी तो त्याच्याकडूनच शिकायचा. गट शिक्षकानेच पाडावेत, नाहीतर पुन्हा आपापले कंपू होतात. गटात एकटाच मुस्लिम मुलगा असला तर त्याला साऱ्या धर्माचा वकील व्हावं लागतं, हे फार वाईट. शक्यतो दोघं ठेवा. आणि रमजानमध्ये डबापार्टी नको. ईद चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून प्रकल्प जमा करायला पुढेमागे दोन दिवस मोकळे ठेवा.