गाडीशिवाय अमेरिका म्हणे! आधी फ्रिस्कोत राहून दाखवा

फ्रिस्कोवासी
"आठ वर्षं अमेरिकेत, एकही गाडी नाही, काही अडत नाही. गाडी ही आळशांची सबब." कालच्या या पोस्टखालीच उत्तर लिहायला बसलो होतो, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

भाऊ राहतात जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरला. दाराशी पाथ, म्हणजे न्यूयॉर्कला नेणारी मेट्रो, तीही रात्रभर चालू. नदीपलीकडे न्यूयॉर्क, जिथे निम्म्याहून जास्त घरांत गाडीच नाही. कढीपत्ता हवा तर इंडिया स्क्वेअर, देशी दुकानांची गल्ली, चालत. यात पराक्रम कसला? दादरला राहून "मला गाडी लागत नाही" म्हणण्यातली गत.

मी टेक्ससात, डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को या उपनगरात. डार्टचं, म्हणजे डॅलसच्या सार्वजनिक वाहतुकीचं, लाइट रेल ९३ मैलांचं, ऐकायला भारी. पण फ्रिस्को डार्टमध्येच नाही. शेजारच्या प्लेनो गावातल्या पार्कर रोड स्टेशनला जायचं तर आधी गाडी काढा! घराजवळचं दुकान पावणेदोन मैलांवर, मध्ये सहा लेनचा रस्ता, फुटपाथ अर्ध्यातच गायब. ऑगस्टात पारा १०४ फॅरनहाइट. आता सांगा, आळशी कोण?

जर्नलचौकी
मीच तो पराक्रमी. फ्रिस्को निवडलं कुणी? मोठं घर, चांगली शाळा आणि तीन गाड्यांचं गराज बघूनच ना? मग फुटपाथसाठी गळा का काढता? ही शहरं आकाशातून पडलेली नाहीत. १९५६ च्या हायवे कायद्यानंतर हायवेंवर पैसा ओतला. लॉस एंजलिसची शेवटची रेड कार, म्हणजे तिथली ट्राम, १९६१ मध्ये बंद पडली. दुकान काढायचं तर अमुक इतकं पार्किंग हवंच, असे नियम गावोगाव केले. बफेलोने ते २०१७ मध्ये काढून टाकले, म्हणजे करता येतं. तुमच्या सिटी काउन्सिलच्या मीटिंगला कधी गेलात?

फ्रिस्कोवासी
मीटिंगला जायलाही गाडी लागते. आणि तुमच्या एका बेडरूमच्या भाड्यात इथे माझ्या घराचा नि गाडीचा, दोन्ही हप्ते निघतात, ते सोयीस्कर विसरलात.

ह्यूस्टनची काकू
दोघेही पुरुष, म्हणून "निवडलं" हा शब्द इतका सहज येतो. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले. कामाची परवानगी नाही, लायसन्स नाही. नवऱ्याकडे गाडी, माझ्याकडे खिडकी. लायसन्स मिळालं तेही व्हिसाच्या तारखेपुरतं. एक्स्टेन्शन लांबलं की पुन्हा घरात. जवळचा कॅटी फ्रीवे फीडर (बाजूचे सर्व्हिस रोड) धरून २६ लेनचा. चालत ओलांडा म्हणावं.

अवांतर: सासरे सहा महिने येऊन राहिले. पुण्यात रोज पर्वती चढणारा माणूस. इथे सकाळी फिरायला निघाले तर दोन गाड्या थांबल्या, "आर यू ओके?" तिसऱ्या दिवसापासून ते हॉलमध्येच येरझाऱ्या घालायला लागले.

एडिसनचा बंड्या
काकू, अगदी! माझे बाबा तर कॅलेंडरवर परतीच्या फ्लाइटचे दिवस खोडायचे. शेवटी त्यांना ओक ट्री रोडला, आमच्या इथल्या देशी बाजारात, सोडायचो, चहा-बिहा, चार ओळखी, दोन तासांनी घ्यायला जायचो. माणसं दिसली की बाबा खूश.

पॅसिफिककर
स्पष्ट बोलतो, राग नको. आई-बाबांना नातवंडं सांभाळायला बोलवायचं, आपण दोघं ऑफिसात, आणि ते कोंडले की दोष फुटपाथला! डे-केअरचे पैसे वाचवले ते सांगा की.

ह्यूस्टनची काकू
माझ्या घरी मुलं नाहीत. झालं समाधान?

पॅसिफिककर
माफ करा. तुम्हाला उद्देशून नव्हतं.

एडिसनचा बंड्या
मग मला होतं का? माझ्या आईने पोळ्या लाटल्या त्या हौसेने. तुमचे आई-बाबा आलेत कधी?

फ्रिस्कोवासी
अहो, धागा गाडीवर आहे!

शिकागोची अवनी
मी ब्लू लाइनवाली, म्हणजे इथल्या मेट्रोवाली, गाडी नाही. जानेवारीत प्लॅटफॉर्मवरच्या हीटरखाली कबुतरांच्या शेजारी उभं राहायचं, त्यात मजाही होती. मग जुळी झाली. डबल स्ट्रोलर, डायपरची पिशवी आणि बर्फ. तरी अजून घेतलेली नाही, पण "काही अडत नाही" म्हणणाऱ्याने एक हिवाळा हे करून दाखवावं.

बाकी जर्नलचौकींना एकच विचारते: मंडळाच्या गणपतीला कसे जाता? आमच्याकडे दर वर्षी ग्रुपवर "गाडी नाही हो, पर्यावरण" वाल्यांचाच पहिला मेसेज असतो, "कुणाची राइड आहे का?" पेट्रोलचे पैसे आजवर एकाने विचारले नाहीत.

जर्नलचौकी
राइड घेतो, कबूल. पेट्रोलचं मात्र विचारतो, मित्रच घेत नाही. "आळशी" शब्द मागे घेतो, तोही काकूंसाठी. फ्रिस्कोवासींसाठी नाही, ते दोन घरं पलीकडच्या मेलबॉक्सलाही गाडीनेच जात असणार.

फ्रिस्कोवासी
मेलबॉक्स कोपऱ्यावर आहे, आणि पावसात जातो गाडीने. बरं, ऑक्टोबरात आई येतेय. तिला आठवडाभर पाठवतो तुमच्याकडे, हिंडवा पाथने. नेवार्क एअरपोर्टवरून आणाल ना?

जर्नलचौकी
का नाही? एअरट्रेन, मग एनजे ट्रान्झिटच्या ट्रेनने नेवार्क पेन स्टेशन, तिथून पाथ.

ह्यूस्टनची काकू
तेवीस किलोच्या दोन बॅगा, लोणच्याची बरणी आणि आईंचे गुडघे घेऊन?

जर्नलचौकी
...उबर करतो.