जीटीएम आणि कोअर पीएचपी: परचेस इव्हेंट कधी दोनदा जातो, कधी जातच नाही

प्रश्न

फ्रेमवर्कशिवाय लिहिलेलं ऑनलाइन दुकान आहे, पीएचपी ८.१ वर. गुगल टॅग मॅनेजरचा (जीटीएम, साइटवरचे मोजणीचे टॅग सांभाळणारं साधन) कोड सामाईक हेडर फाइलमध्ये घातला आहे आणि पेजव्ह्यू व्यवस्थित येतात. अडचण परचेसची, म्हणजे खरेदी झाल्याचं कळवणाऱ्या इव्हेंटची आहे. ऑर्डरचा तपशील सेशनमध्ये (सर्व्हरवर त्या ग्राहकापुरता राहणारा डेटा) ठेवून थँक-यू पानाच्या फूटरमध्ये डेटालेअरला (जीटीएम जिथून माहिती वाचतं ती यादी) पुश करतो.

१. पान रिफ्रेश केलं की इव्हेंट पुन्हा जातो.
२. पेमेंट गेटवेवरून परतणाऱ्या काही ग्राहकांचा इव्हेंट जातच नाही. ते लॉगआउटही झालेले असतात.
३. जीटीएमच्या प्रीव्ह्यूमध्ये व्हॅल्यू (ऑर्डरची रक्कम) कधी अनडिफाइन्ड, तर कधी अवतरणचिन्हांत "१,२४९.००" अशी दिसते.

टॅगचा ट्रिगर (तो कधी चालायचा याची अट) थँक-यू पानाचा पेजव्ह्यू आहे.

उत्तर १

तिसऱ्या मुद्द्यापासून धरा. पेजव्ह्यू ट्रिगर कंटेनर (हेडरमधला जीटीएमचा कोड) लोड होताच उडतो आणि तुमचा पुश त्यानंतर फूटरमध्ये येतो. म्हणून अनडिफाइन्ड. ट्रिगर बदलून कस्टम इव्हेंट करा, नाव "परचेस", म्हणजे पुशमधल्या इव्हेंट कीला जे स्पेलिंग आहे तेच, अक्षरन्‌अक्षर. पुश वर नेऊन कंटेनरच्या आधी ठेवला तरी चालतं, पण फूटरमधून पुश आणि कस्टम इव्हेंट ही जोडी सांभाळायला सोपी.

स्वल्पविराम नंबर-फॉरमॅटने घातलाय. ते फंक्शन माणसांना दाखवायच्या रकमेसाठी आहे, परत स्ट्रिंग देतं. मायएसक्यूएलचा डेसिमल कॉलमसुद्धा पीडीओकडून (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) स्ट्रिंगच येतो. फ्लोटमध्ये बदलून दोन दशांशांपर्यंत राउंड करा आणि करन्सी आयएनआर म्हणून वेगळी पाठवा.

जावास्क्रिप्टमध्ये एकेक व्हेरिएबल एको करत असाल तर ते बंद करा. पूर्ण ॲरे एकदाच जेसन-एन्कोडमधून (पीएचपीचा डेटा जावास्क्रिप्टला वाचता येईल असा लिहिणारं फंक्शन) काढा, हेक्स-टॅग आणि थ्रो-ऑन-एरर हे दोन फ्लॅग लावून. पहिल्याने वस्तूच्या नावातला कोन-कंस स्क्रिप्ट तोडत नाही. दुसरा मराठी नावं असलेल्या दुकानाला हवाच. देवनागरीतली प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. नाव सबस्ट्रने ५० वर कापलंत की शेवटची खूण अर्धवट राहू शकते, मग जेसन-एन्कोड निमूटपणे फॉल्स देतं, पुशचा कंस रिकामा छापला जातो आणि इव्हेंट हरवतो. कापायचंच असेल तर एमबी-सबस्ट्र, ते बाइट नाही, खुणा मोजतं.

उत्तर २

दुसऱ्या मुद्द्याचं मूळ जीटीएममध्ये नाही, कुकीत आहे. गेटवे ग्राहकाला पोस्ट रिक्वेस्टने परत पाठवत असेल आणि सेशन कुकी सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी कधी पाठवायची याची मधली सेटिंग) असेल, तर दुसऱ्या साइटवरून आलेल्या त्या पोस्टबरोबर ब्राउझर कुकी पाठवत नाही. तुमच्या कॉलबॅक फाइलमध्ये (गेटवे ग्राहकाला जिथे परत पाठवतो ती) सेशन-स्टार्ट असेल तर पीएचपीला वाटतं हा नवा पाहुणा. ते नवा सेशन आयडी देऊन जुनी कुकी पुसून टाकतं, म्हणून लॉगआउट.

सेमसाइट नन (कुकी दुसऱ्या साइटवरूनही पाठवा) करून सुटका होते, पण लॉगिनची कुकी त्यासाठी सैल करू नये. त्यापेक्षा कॉलबॅकमध्ये सेशन सुरूच करू नका. तिथे गेटवेची डिजिटल सही तपासा, रक्कम ऑर्डरशी ताडा, डेटाबेसमध्ये ऑर्डर "पेड" करा आणि ३०३ रीडायरेक्टने थँक-यू पानावर पाठवा. ३०३ नंतरची रिक्वेस्ट गेट असते, तिच्याबरोबर लॅक्स कुकी येते. रीडायरेक्टच्या हेडरनंतर एक्झिट लिहायला विसरू नका.

गेटवेचं डोमेन जीए-४ (गुगल ॲनालिटिक्स) मध्ये नको असलेल्या रेफरल्सच्या यादीत टाका. नाहीतर विक्रीचं श्रेय गेटवेच्या खात्यात जमा होतं.

प्रश्नकर्ता

कॉलबॅकमधून सेशन-स्टार्ट काढलं, लॉगआउट थांबले. ट्रिगर बदलल्यावर व्हॅल्यूही येते. रिफ्रेशसाठी सेशनमध्ये "पाठवलं" अशी खूण ठेवू का?

उत्तर १

सेशनमध्ये नको. ग्राहक ईमेलमधल्या लिंकवरून दुसऱ्या फोनवर तेच पान उघडतो तेव्हा ती खूण तिथे नसते. ऑर्डर टेबलमध्ये परचेस पाठवल्याच्या वेळेचा नल (रिकामा) चालणारा कॉलम घाला. थँक-यू पानावर ऑर्डर त्याच ग्राहकाची आणि पेड आहे का ते बघा, मग तो कॉलम नल असेल तरच आत्ताची वेळ भरणारा अपडेट चालवा. रो-काउंट (बदललेल्या ओळींची संख्या) १ आला तरच पुश छापा. दोन टॅब एकाच क्षणी उघडले तरी अपडेट एकालाच लागतो, सिलेक्ट करून मग तपासण्यात ती हमी नाही.

याची किंमतही आहे. पान छापलं पण ग्राहकाचं नेट गेलं, तर तो इव्हेंट कायमचा गेला. माझ्या मते दुप्पट विक्री दिसण्यापेक्षा हे परवडतं, हिशोब शेवटी डेटाबेसवरूनच करायचा असतो. ट्रान्झॅक्शन आयडी मात्र प्रत्येक वेळी द्या.

उत्तर २

एक राहिलं. हे पान कॅशमध्ये जाऊ देऊ नका, कॅश-कंट्रोल नो-स्टोअर लावा. वार्निश किंवा सीडीएनसारख्या मधल्या कॅशने ते धरून ठेवलं तर एकाच ऑर्डरचा पुश दुसऱ्यांनाही जाईल आणि वरचा अपडेट चालणारच नाही. आणि जुन्या टेम्प्लेटमध्ये जीटॅगचा (जीटीएमशिवाय जीए-४ ला पाठवणारा) थेट कोड राहिलाय का ते शोधा. तो आणि जीटीएममधला जीए-४ टॅग दोन्ही एकाच मेजरमेंट आयडीला पाठवत असतील, तर पेजव्ह्यूही दुप्पट मोजले जात असतील.